मुकं खोकं

इतर शाळांत फळ्याच्या वर घड्याळ असतं. या शाळेत प्रत्येक वर्गात त्या जागी एक लाकडी खोकं होतं. खोक्याच्या तोंडावर कापडाची जाळी, जाळीखाली वाटाण्याएवढा लाल दिवा. दिवा लागला की समजायचं, हेडसर ऐकताहेत. आणि हेडसर ऐकताहेत म्हणजे आता कुठल्याही क्षणी बोलणार.

हेडसरांच्या टेबलावर बटणांची एक फळी होती. वर्गागणिक एक बटण. बटण अर्धं दाबलं की वर्ग ऐकू यायचा, पूर्ण दाबलं की हेडसरांचा आवाज वर्गात जायचा. "नववी ब, मागच्या बाकावर कोण कुजबुजतंय?" "बाई, ती वजाबाकी पुन्हा करा." "सर, लढाई संपून बराच वेळ झाला, आता तहाकडे वळा." शिक्षकांनी या खोक्याला सासू म्हणायला सुरुवात केली, आणि ते नाव मुलांपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. दिवा लागला की पहिल्या बाकावरून कुजबुज मागे जायची, "सासू उठली, सासू उठली." हेडसरांना हे माहीत होतं. त्यांना त्याचा राग नव्हता. घरात सासू असली की दूध उतू जात नाही, असं ते म्हणायचे.

आणि खोटं कशाला बोला, सुरुवातीला खरंच तसं झालं होतं. ते या शाळेत आले तेव्हा अर्धा तास उलटून गेल्यावर मास्तर वर्गात यायचे, मुलं कुंपणाच्या भिंतीवर बसलेली असायची, आणि दुसऱ्या कुठल्याही शाळेने न घेतलेलं मूल लोक या शाळेत आणून टाकायचे. निकाल विचारायची सोय नव्हती. हेडसरांनी खोकी बसवली आणि वर्षभरात मास्तर वेळेवर येऊ लागले, भिंत मोकळी झाली, निकाल वर चढला. पण मग तो तिथेच राहिला. माळ्यावर चढवलेल्या ट्रंकेसारखा. पडला नाही, हललाही नाही. हेडसरांना वाटलं, आपलं लक्ष कमी पडतंय. ते आणखी ऐकू लागले, आणखी बोलू लागले.

बोलायला त्यांना दुसरी जागाही नव्हती. मुलीच्या बाळंतपणाला म्हणून बायको महिनाभरासाठी गेली होती. ते बाळ आता घरभर पळत होतं आणि बायको तिथेच होती. भांडण झालं नव्हतं, कुणी कुणाला सोडलं नव्हतं. फक्त ती आली नव्हती. संध्याकाळी हेडसर कुलूप उघडून घरात शिरत तेव्हा सकाळी जिथे सोडली होती तिथेच हवा उभी असे. ते दिवा लावत, दूध तापवत, आणि उद्या कुठल्या वर्गात काय बोलायचं ते मनात घोळवत.

मग आवाज बसला. आधी खरखर आली, नंतर वाक्याच्या मध्येच शब्द गळू लागले, आणि एका सकाळी प्रार्थनेनंतर सूचना द्यायला त्यांनी तोंड उघडलं तर नुसती हवा बाहेर आली. डॉक्टरांनी घशात आरसा घालून पाहिलं.

"गाठी आल्यात. छोट्या आहेत, पण आहेत. हे गवयांना होतं, फेरीवाल्यांना होतं आणि मास्तरांना होतं. तुम्ही गाता का?"

हेडसरांनी नकाराची मान हलवली.

"मग बोलणं बंद. पूर्ण बंद. कुजबुजसुद्धा नाही, ती तर जास्त वाईट."

"किती दिवस?" हेडसर कुजबुजले.

"हे बघा, झालं सुरू," डॉक्टर म्हणाले. "मी सांगेपर्यंत. नाहीतर मग कायमचं."

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना हेडसरांच्या मनात घशाचा विचार नव्हता. एकच भीती होती. आपण गप्प बसलो की शाळा होती त्या खड्ड्यात पुन्हा जाणार. सहामाही परीक्षा तोंडावर आली होती. रजा घ्यावी असं एकदा वाटलं, पण रजा घेऊन बसायचं कुठे? त्या उभ्या हवेत? त्यांनी बाजारातून लहान मुलांची पाटी आणि खडूचा डबा घेतला आणि दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी ते फळीसमोर येऊन बसले.

पहिल्यांदा त्यांनी नववी ब लावली. नववी ब म्हणजे शाळेचा गाळ, हा शब्द शिक्षकांच्या खोलीतला. गणिताच्या बाई शिकवत होत्या. बाई नव्या होत्या, हेडसरांच्या मुलीच्या वयाच्या. आवाज बारीक आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी किंचित वर जाणारा, जणू खोक्याला विचारताहेत, बरोबर ना? दिवा लागल्याबरोबर तो आवाज आणखी बारीक झाला. फळ्यावर समीकरण चाललं होतं. बाई ओळी वाचत लिहीत होत्या, आणि हेडसरांच्या कानांनी चूक तत्काळ पकडली: पद एका बाजूचं दुसऱ्या बाजूला नेताना बाईंनी उणे तसंच ठेवलं होतं. उत्तर विचित्र आलं. बाई थांबल्या.

हेडसरांच्या बोटाने बटण पूर्ण दाबलं, तोंड उघडलं, आणि बंद झालं; बोट पुन्हा अर्ध्यावर आलं.

वर्ग वाट बघत होता. बाई वाट बघत होत्या. एरवी अशा वेळी वरून आवाज यायचा, बाई पुसायच्या, बरोबर लिहायच्या, मुलं उतरवून घ्यायची आणि तास पुढे जायचा. आज खोक्यातून काहीच येईना. कुणीतरी बाक सरकवला. हेडसरांच्या तोंडात उत्तर गरम घासासारखं फिरत होतं, गिळता येईना, थुंकता येईना. त्यांनी मुठीने टेबल ठोकलं.

"बाई," एका मुलीचा आवाज आला, "काहीतरी चुकलंय का?"

"वाटतंय खरं," बाई म्हणाल्या. मग, जरा वेळाने, "कुठे ते मला दिसत नाहीये गं. तुम्हाला दिसतंय का कुणाला?"

त्यानंतर जो गोंधळ झाला तो हेडसरांनी आपल्या शाळेत कधी ऐकला नव्हता. दुसरी ओळ, नाही बाई तिसरी, अरे गप ती बरोबर आहे, ये ना मग फळ्यावर, शहाणा आहेस ना मोठा. खडू पडल्याचा आवाज. आणि मग एक मुलगा, ज्याचा आवाज हेडसरांना ओळखता आला नाही कारण तो या खोक्यातून कधी आलाच नव्हता, म्हणाला, "बाई, इकडून तिकडे गेलं तर उण्याचं अधिक व्हायला पाहिजे ना? ते झालंच नाहीये."

"अगं बाई! खरंच की," गणिताच्या बाई म्हणाल्या आणि हसल्या. हेडसरांनी बटण सोडलं. वर्गाचा इतका वेळ वाया गेला याची त्यांनी पाटीवर नोंद केली. मग ती पुसली.

संध्याकाळी फोन वाजला. बायकोला शाळेतल्या कुणाकडून तरी कळलं होतं.

"बोलू नका हं," ती म्हणाली. "हो असेल तर रिसिव्हरवर एक टिचकी मारा, नाही असेल तर दोन. जेवलात?"

टक.

"खरंच?"

हेडसर थांबले. टक टक.

"वाटलंच. दूध पिऊन झोपत असाल." मग हळूहळू, थंड पाण्यात पाय घालावा तशी, ती बोलू लागली. नातू काय करतो, जावई कसा घोरतो, गॅलरीतल्या कुंडीत काय उगवलंय. हेडसर मधेमधे टिचकी मारत राहिले. ठेवताना ती म्हणाली, "तुमच्याशी इतका वेळ बोलले मी? कमाल आहे."

आणि मग ती रोज फोन करू लागली. एकदा म्हणाली, "सांगू का, आपल्या घरी मी वाक्य सुरू करायची आणि तुम्ही संपवायचात. बहुतेक वेळा बरोबर संपवायचात, तीच तर पंचाईत होती." हेडसरांना यावर एक टिचकी मारावी की दोन, हे कळेना.

शाळेत दिवा लागत होता आणि आवाज येत नव्हता. पहिले काही दिवस शिक्षक दिव्याकडे बघत जपून शिकवत राहिले. मग इतिहासाच्या सरांनी पहिल्यांदा दिव्याला पाठ दाखवली आणि लढाईत मन मानेल तेवढा वेळ काढला. चौथीच्या बाईंना एका पोराने विचारलं, मासे झोपतात का, आणि बाई म्हणाल्या, "देव जाणे बाबा, बघून सांगते उद्या." पूर्वी देव जाणे म्हणायची टाप नव्हती कुणाची. दुसऱ्या दिवशी चारपाच पोरं स्वतःच शोधून आली आणि प्रत्येकाचं उत्तर वेगळं निघालं. नववी ब तर हाताबाहेर गेली होती. मुलं तास सुरू होतानाच ओरडायची, "बाई, आज चूक करणार का?" आणि बाई म्हणायच्या, "करीन की! सापडली तर तुमची, नाही सापडली तर माझी." हेडसर कानामागे हात धरून ऐकत राहायचे. कोणता खोकला कुणाचा, कुणाची चप्पल फाटली आहे, कोण हसण्याआधी नाकाने आवाज काढतो, सगळं त्यांना कळू लागलं. जेवणाचा डबाही ते फळीसमोरच उघडत. दुपारी एखादा वर्ग लावावा आणि त्या गलक्यात बसून खावं, म्हणजे एकट्याने जेवल्यासारखं वाटत नसे.

त्यांची खात्री होती की हे सगळं परीक्षेत उघडं पडणार. गणिताचा पेपर त्यांनी स्वतः काढला होता, आवाज जाण्याच्या आधी.

निकाल घेऊन उपबाई आल्या. या शाळेच्या उपमुख्याध्यापिका, हेडसरांच्या आधीपासून इथे असलेल्या, चष्मा कपाळावर आणि जीभ दातांच्या पुढे ठेवणाऱ्या. कागद टेबलावर ठेवून त्या म्हणाल्या, "सर, गाळ वर आला की हो."

हेडसरांनी नववी बचे गुण वरपासून खालपर्यंत पाहिले. मग पाटी ओढून लिहिलं: पेपर सोपा होता?

"पेपर तुमचाच होता," उपबाई म्हणाल्या.

त्यांनी पाटी पुसून पुन्हा लिहिलं: कॉपी?

"पर्यवेक्षणाला मी होते. माझ्या वर्गात कॉपी करायची असेल तर आधी मला बेशुद्ध करावं लागतं." त्या दाराशी जाऊन वळल्या. "चौथीचंही बघा जमलं तर. आणि इतिहासाचंही."

त्या गेल्यावर हेडसर बराच वेळ कागदाकडे बघत बसले. आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही, पण कसा, तर शेजारच्या घरात लग्न असावं आणि आपण खिडकीतून वाजंत्री ऐकावी तसा. इतकी वर्षं ज्या ट्रंकेला खालून जोर लावून ढकलत होतो, ती आपणच वर बसून दाबून धरली होती. हे कुणाला सांगायचं? आणि कशाने?

त्याच आठवड्यात डॉक्टरांनी आरसा काढून पुसला आणि म्हणाले, "साफ. बोला काहीतरी."

"हजर," हेडसर म्हणाले. आवाज जरा जाड, पण त्यांचाच.

"छान. आता ओरडू नका म्हणजे झालं."

घरी येईपर्यंत त्यांनी मनात बोलायची जुळवणी केली होती, पण फोन वाजला आणि बायकोने विचारलं, "काय म्हणाले डॉक्टर? आला का आवाज?" आणि त्या प्रश्नात त्यांना काहीतरी ऐकू आलं. पूर्वी आलं नसतं. आता त्यांचा कान तयार झाला होता. ती श्वास रोखून होती.

टक टक.

"नाही अजून? बरं," ती म्हणाली, आणि श्वास सोडला. "मग ऐका, काल काय झालं..."

शाळेतही त्यांनी गळ्याकडे बोट दाखवून मान हलवली. बोललो तर दिव्याबरोबर आवाज येणार, आवाज आला की बाई फळ्याऐवजी खोक्याकडे बघणार, आणि तो कधी न बोलणारा मुलगा पुन्हा गप्प बसणार. वार्षिक परीक्षेपर्यंत तरी तोंड उघडायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. घरी आल्यावर ते वर्तमानपत्र मोठ्याने वाचत, जाहिरातींसकट, आवाज गंजू नये म्हणून. भिंती ऐकून घेत.

पण तोंड म्हणजे फुटकं भांडं, कुठून ना कुठून गळणारच. एका दुपारी नववी बमध्ये त्रिकोण चालला होता, कुणालाच बाजू सापडत नव्हती, आणि हेडसर बटण अर्धं दाबून, डोळे मिटून, स्वतःशीच पुटपुटत होते, "लंब टाक, अरे लंब टाक ना, वरून खाली..."

"वा!" दारातून उपबाई म्हणाल्या.

हेडसरांनी डोळे उघडले. पाटीकडे हात नेला.

"राहू द्या ती. कधीपासून आलाय आवाज?"

"झाले थोडे दिवस."

"मग हे सोंग कशासाठी? मी रोज घरून काढा करून पाठवतेय तुम्हाला, शिपाई पितोय वाटतं?"

"मी गप्प बसल्यावर मुलं शिकली," हेडसर म्हणाले. "तुम्हीच कागद आणून दिलात. आता बोलू कोणत्या तोंडाने?"

उपबाई खुर्ची ओढून बसल्या. इतक्या वर्षांत या खोलीत त्या बसल्या नव्हत्या, उभ्यानेच बोलायच्या. "म्हणजे जन्मभर मौनीबाबा होऊन बसणार?"

"ऐकायला मला आवडतं. कुणाला त्रास नाही त्याचा आता. सगळे विसरलेत दिव्याला."

"कोण विसरलंय?"

"सगळेच. गणिताच्या बाई..."

"ती पोरगी विसरली असेल. नवी आहे, तिला वाटतं सासू म्हातारी झाली. बाकीच्यांचं मी सांगते." उपबाईंनी चष्मा कपाळावरून काढून हातात घेतला. "दिवा लागला की माझ्या हातातला खडू अजून थांबतो, सर. बोलणारी सासू परवडते हो. बोलली, संपलं. मुक्या सासूच्या मनात काय चाललंय ते कळत नाही. चौथीच्या बाई दिव्यावर डस्टर टांगतात, माहितीये? नसेल. डस्टरचा आवाज येत नाही."

फळीतून वर्ग एकदम ओरडला. कुणाला तरी बाजू सापडली होती. दोघंही क्षणभर तिकडे ऐकत राहिली. मग हेडसरांनी बटण सोडलं आणि खोली एकदम मोठी झाली.

"मला वाटत होतं," ते म्हणाले, "मी त्यांच्यात बसलोय."

उपबाईंनी चष्मा घातला. खुर्ची होती तिथे सरकवून ठेवली आणि त्या गेल्या.

सुट्टीच्या दिवशी वायरमन बोलावून हेडसरांनी खोकी उतरवून घेतली. भिंतीवर प्रत्येक ठिकाणी एक फिकट चौकोन राहिला. "चालू आहेत की सगळी," वायरमन म्हणाला, "काढताय कशाला?" हेडसरांना उत्तर देता आलं असतं. त्यांनी शिडी धरली.

त्या संध्याकाळी फोन आला तेव्हा ते म्हणाले, "मी बोलतोय."

पलीकडे काहीतरी खाली ठेवल्याचा आवाज आला. मग, "अगं बाई. आला आवाज?"

"हो."

"छान झालं." मग, "जेवलात?"

"हो." मग ते म्हणाले, "तू बोल ना. मी मध्ये बोलणार नाही."

"काय बोलू?" बायको म्हणाली. "तसं विशेष काही नाही इकडे." नातू रडत असल्याचं सांगून तिने फोन ठेवला. नातू रडत नव्हता, हे हेडसरांना नीट ऐकू आलं होतं.

सोमवारी ते आपल्या खोलीत बसले. टेबलावर फळीच्या जागी धुळीची रेघ होती, तीही शिपायाने पुसली. कागदांवर सह्या झाल्या. पत्रं झाली. बाहेर शाळा चालली होती आणि त्यांना तिच्यातलं काहीही माहीत नव्हतं. मधल्या सुट्टीची घंटा झाली तेव्हा ते उठले आणि व्हरांड्याने चालत शिक्षकांच्या खोलीपर्यंत गेले. आतून हसणं ऐकू येत होतं. त्यांनी दार ढकललं.

हसणं थांबलं. सगळे अर्धवट उठले.

"बसा, बसा," हेडसर म्हणाले.

बसायला खुर्ची नव्हती. इतिहासाच्या सरांनी एका स्टुलावरचे वह्यांचे गठ्ठे खाली उतरवले. चहा आला. कुणीतरी आपला कप विसळून त्यांना दिला होता, त्यावर एका बँकेचं नाव अर्धं उडालेलं होतं. चहा फार गोड होता. सगळे आपापल्या कपात बघत होते. काहीतरी बोलायला हवं होतं, आणि हेडसरांना बोलण्याची एकच रीत येत होती.

"पाठ कुठवर आलाय, सर?" त्यांनी विचारलं.

इतिहासाचे सर कप खाली ठेवून उभे राहिले. "सहावा संपत आला, सर. सातवा पुढच्या आठवड्यात सुरू करतो. जरा मागे आहे, पण जादा तास घेऊन..."

"तसं नाही," हेडसर म्हणाले. "तसं विचारलं नाही मी. बसा तुम्ही."

सर बसले. मग कसं विचारलं, हे कुणी विचारलं नाही, आणि हेडसरांनाही ते सांगता आलं नसतं. चौथीच्या बाईंनी डब्याचं झाकण लावलं. उपबाई खिडकीबाहेर बघत होत्या आणि त्यांच्या मदतीला येत नव्हत्या. हेडसरांना उठून जावंसं वाटलं. ते उठले नाहीत. चहा संपेपर्यंत ते त्या शांततेत बसून राहिले, आणि चहा संपल्यावरही.

घंटा झाली. सगळ्यांनी घाईघाईने वह्या, खडू, पट्ट्या उचलल्या. सगळ्यांत शेवटी गणिताच्या बाई निघाल्या, दारात घोटाळल्या.

"सर, उद्या येणार असाल तर कप घेऊन या. इथे ज्याचा त्याचा असतो. हा माझा आहे."

"बरं," हेडसर म्हणाले.

बाई गेल्या. व्हरांड्यातली पावलं एकेका वर्गात शिरून संपली आणि तास सुरू झाले. भिंतींपलीकडून, दारांमधून सगळ्या वर्गांचे आवाज एकत्र येत होते. पाढे, लढाया, कविता, कुणाचं तरी ओरडणं, कुणाचं हसणं, सगळं एकात एक मिसळलेलं. हेडसर रिकाम्या खोलीत उभे राहून ऐकत होते. त्यातला एकही शब्द त्यांना लागत नव्हता, कोणता आवाज कोणत्या वर्गाचा तेही ओळखता येत नव्हतं. मग त्यांनी कोपऱ्यातल्या नळावर तो कप धुतला आणि तो कुठे ठेवायचा असतो ते शोधू लागले.